किशनमामांचा पाळणा

गंगाखेडला आमच्या शेजारी राहणारे किशनमामा बरण्यांना पाळण्यात घालून झोके देतात. पाळणा त्यांच्या मुलाचा, प्रशांतचा. त्यात येसराची बरणी, कारळाची चटणी, बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्यांचा डबा. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर. झाकणाबाहेर तेलाचा थेंब दिसला की बरणी बाद. "आधी झोका, मग भरवसा," हे वर ऐकून घ्यावं लागतं.

मामा एसटी डेपोत स्टोअरकीपर होते. सही घेतल्याशिवाय साधा बोल्ट देत नसत. समुद्र त्यांनी पाहिलेला नाही, गोदावरीचा पूर तेवढा पाहिलाय. पण प्रशांत गोव्याहून शिडाच्या बोटीतून मित्रासोबत महासागर ओलांडणार असं कळलं आणि मामांनी बोटीचं स्टोअर आपल्याकडे घेतलं. ते त्यांना कुणी दिलं नव्हतं, हा भाग वेगळा.

"पाच महिने काय खातेत दोघं?" ते मला म्हणाले. "तिथं काय धाबा हाय का, मास्तर?"

गल्ली हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. येसराचं भाजलेलं, मसाल्याचं पीठ गरम पाण्यात कालवलं की आमटी तयार, म्हणून त्यांचा सगळा जीव येसरात. मामी असताना त्यांनी कधी चूल पेटवली नव्हती. पहिल्या दोन खेपा करपल्या, तिसरी जमली. मग पेटी भरली, डेपोतल्यासारखी सुतळी आवळली, गाठीवर लाख ओतली आणि ओला अंगठा दाबला. अंगठा भाजला. पेटी गोव्याला गेली.

पंधरा दिवसांनी प्रशांतचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. "बाबा, सगळ्याला बुरशी लागली. इकडची हवा दमट आहे. फेकावं लागलं."

मामांनी पाळण्याचा झोका थांबवला. मग म्हणाले, "चूक माझीच हाय. आपल्या कोरड्या हवेत सगळंच टिकतंय. दमट हवेचं मी बघितलंच न्हाई."

दुसऱ्या दिवशी पाळण्याभोवती ओली पोती लटकली. भर उन्हाळा, नळाला चार दिवसांनी पाणी, आणि हा माणूस घागरी ओतून घरात समुद्राची हवा तयार करायला बसला. लोक आता हसेनात, भांडू लागले.

बोट निघाली. प्रशांतच्या गोव्यातल्या खोलीतलं सामान घरमालकानं पार्सलनं पाठवलं. ते उतरवायला मी मामांसोबत गेलो. कपडे, पुस्तकं आणि खाली ती पेटी. सुतळी तशीच. लाखेवरचा अंगठाही तसाच.

माझं डोकं फिरलं. प्रशांतचा मला आजही राग आहे. नको म्हणायला किती वेळ लागला असता?

"मामा, त्यानं उघडलीसुद्धा नाही."

"गाठ माझीच हाय, मास्तर. दिसली मला." त्यांनी पेटी काखेत घेतली. "पर त्याला यातलं कायबी बोलायचं न्हाई. पोरगं पाण्यावर हाय."

पेटी पाळण्याखाली गेली. वर ओलं पोतं पडलं.

मागच्या आठवड्यात कुठल्याशा बंदरातून प्रशांतचा फोन आला. काय चाललंय, म्हणाला. मामा पोतं पिळत होते.

"तुझ्या बुरशीवर इलाज करायलोय," ते म्हणाले. "आता न्हाई लागायची, बाळा. पुढच्या बारीला जरा खाऊन बघ."