अकरा सुट्यांचा दशक

ठोकळे विकत आणायचे, ही कल्पनाच साहेबांना अपमानास्पद वाटली. मिलिमीटरशिवाय ज्यांचं पान हलत नाही, कंपनीत ज्यांच्या ड्रॉइंगवर सही झाली की लोखंड कापलं जातं, अशा इंजिनिअरच्या बायकोने बालवाडीत शिकवायला दुकानातले ठोकळे न्यायचे? मग घरात इंजिनिअर ठेवलाय कशाला?

"मीही हेच विचारणार होते," सासूबाई म्हणाल्या. त्या जावयाशी मोजकंच बोलायच्या, पण बोललेलं वाया जाऊ द्यायच्या नाहीत.

गोष्ट तशी साधी होती. साहेबांची बायको बालवाडीत बाई होती, पण तात्पुरती. तात्पुरती राहण्यातच ती कायम होते की काय, अशी वेळ आली होती. आता शनिवारी मोठ्या बाई तिच्या वर्गात बसून धडा बघणार होत्या. धडा रंगला तर नोकरी कायम. पडला तर मोठ्या बाई सोमवारी नवी बाई शोधायला मोकळ्या. धडा होता एकक आणि दशकाचा, आणि तो ठोकळ्यांनी खेळत खेळत शिकवायचा होता.

"तू शिकवण्याचं बघ," साहेब म्हणाले. "अचूकतेचं माझ्यावर सोड."

तिने सोडलं. माणूस घाईत असला की असं काहीतरी करून बसतो.

साहेबांनी एकसारख्या लांबीच्या लाकडी पट्ट्या आणल्या. काही अख्ख्या ठेवायच्या, त्या दशकाच्या दांड्या. बाकीच्यांचे प्रत्येकी दहा समान तुकडे करायचे, ते सुटे. दहा सुटे ओळीने लावले की बरोबर एका दांडीएवढे. मूल हाताने लावणार, डोळ्याने बघणार, की गणित डोक्यात पक्कं. शेजाऱ्यांची एक जाडजूड करवत कित्येक वर्षं माळ्यावर पडून होती. ती मागून आणली आणि साहेबांनी बाह्या सरसावल्या.

आता इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी. पेन्सिलीने रेघा मारल्या तेव्हा पट्टीचे दहा भाग तंतोतंत सारखे होते. साहेबांच्या रेघेला नाव ठेवायची कुणाची छाती नाही. पण करवत रेघेवरून गेली की रेघ खाते आणि रेघेच्या दोन्ही बाजूंचं थोडं लाकूडही खाते. ज्याने जन्मात एकदा तरी फळी कापली आहे त्याला हे कळतं. साहेबांनी आजवर जे काही कापलं ते कॉम्प्युटरच्या पडद्यावर, आणि तिथे रेघेला जाडी नसते. प्रत्येक तुकडा जरा जरा आखूड झाला. दहा तुकड्यांमागे जवळजवळ एक अख्खा तुकडा भुसा होऊन जमिनीवर पडला. साहेबांनी तो भुसा झाडून केरात टाकला आणि बायकोला म्हणाले, "बघ, केरसुद्धा मी काढला."

मग रंगकाम. दांड्या निळ्या, सुटे पिवळे. बायको म्हणाली, "एकदा लावून बघू द्या."

"रंग ओला आहे."

दुसऱ्या दिवशीही रंग ओला होता. तिसऱ्या दिवशी साहेबांनी सगळे ठोकळे खोक्यात भरून वर चिकटपट्टी मारली. उगाच ओरखडे नकोत.

"अहो, पण एकदा तरी..."

"माझ्या मापावर विश्वास नाही का तुझा?"

"मापावर आहे," ती म्हणाली आणि पुढचं वाक्य गिळलं.

एक संच मात्र बिनरंगाचा राहिला होता. तो साहेबांनी लेकीसाठी ठेवला. लेकीला घरात सगळे खारूताई म्हणायचे, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. ती आईच्याच वर्गात होती. मूल पाच वर्षांचं झालं की त्याला गणिताची गोडी लावायची, रागवायचं नाही, खेळत शिकवायचं, असं साहेबांनी कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं. ते मांडी घालून जमिनीवर बसले. पँट उसवली, पण उत्साह शाबूत होता.

"ही बघ दांडी. हिच्याएवढे सुटे लाव. किती लागले?"

"अकरा."

"परत मोज."

"अकरा."

"एकेकावर बोट ठेवून मोज, राणी."

"आठ, नऊ, दहा, अकरा."

साहेबांनी शेवटचा तुकडा उचलून खिशात टाकला. "आता?"

"आता दहा. पण दांडी उरली ना, बाबा."

"दांडीकडे बघू नको. तू मोजण्याकडे लक्ष दे."

हातात वस्तू देऊन गणित शिकवायचं आणि वस्तूकडे बघू नको म्हणायचं, ही पद्धत साहेबांची स्वतःची. तिचं श्रेय दुसऱ्या कुणाला देता येणार नाही.

जेवताना त्यांनी गंभीर चेहऱ्याने जाहीर केलं, "आपल्या पोरीचं गणित कच्चं आहे. आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं."

सासूबाईंनी ताटातून मान वर केली, जावयाकडे नीट बघून घेतलं आणि पुन्हा जेवायला लागल्या.

मग रोज संध्याकाळी शिकवणी. पोरगी अकरा म्हणायची, साहेब परत मोज म्हणायचे. बाहेरून पोरांचा खेळण्याचा आवाज यायचा आणि ही आपली खेळत खेळत शिकत बसलेली. शेवटी एके दिवशी ती ठोकळ्यांना हात न लावताच म्हणाली, "दहा." साहेबांना कोण आनंद झाला. "बघ, पद्धत बरोबर असली की मूल शिकतंच," ते बायकोला म्हणाले. तिला धड्याच्या काळजीपुढे मान हलवायलाही फुरसत नव्हती.

शनिवारी साहेबांनी खास रजा टाकली. पालकांना मागे बसायची परवानगी होती. खुर्च्या मुलांच्या मापाच्या, त्यामुळे साहेबांचे गुडघे हनुवटीला टेकले होते. कोपऱ्यात मोठ्या बाई चष्मा पुसत बसल्या. त्या हसल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. वर्गात चिकटपट्टी फाडल्याचा आवाज झाला, ठोकळे वाटले गेले, मुलं खूश झाली. रंग खरंच छान लागला होता.

"आता दांडीशेजारी सुटे लावा बरं," बाई म्हणाल्या. "लावले? किती लागले?"

"अकरा!" अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला.

बाई हसल्या. "घाई करायची नाही. नीट मोजा."

मुलांनी नीट मोजले. अकरा. बाईंनी खाली बसून स्वतः मोजले. मग त्यांनी मान वर करून मागच्या रांगेत एका ठरावीक खुर्चीकडे पाहिलं. साहेबांनी शेजारच्या टेबलावरचा एक तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"भुसा," ते पुटपुटले.

"काय म्हणालात?" शेजारच्या पालकांनी विचारलं.

"काही नाही."

बाई अजून किल्ला लढवत होत्या. "पण मुलांनो, दहा सुट्यांचा एक दशक, असं आपण म्हणालो होतो ना?"

"बाई, तुमचं चुकलं," दोन वेण्यांची एक मुलगी सहानुभूतीने म्हणाली.

"दांडीच मोठी आहे," एक जण म्हणाला.

"दांडी नाही काही, सुटे छोटे आहेत."

त्यावरून दोन तट पडले. दोन दांड्या जोडून बघितल्या गेल्या, बावीस सुटे लागले. कुणी तीन जोडायला निघालं. पोरं जमिनीवर पालथी पडून मोजत होती आणि बाईंकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नव्हता. तेवढ्यात खारूताईने हात वर केला. वर्गात आईला बाई म्हणायचं, हे तिला पक्कं माहीत होतं.

"बाई, आमच्या घरी पण अकराच लागतात. पण बाबांसमोर दहा म्हणायचं. दहा म्हटलं की ते उठू देतात."

सगळे पालक वळले. साहेबांना गुडघ्यांमागे लपता आलं असतं तर ते लपले असते. माप चुकलं, रेघ चुकली, ते एक वेळ चालून गेलं असतं. पण पोरीचं गणित पहिल्या दिवसापासून बरोबर होतं, आणि आठवडाभर खपून आपण तिला खोटं बोलायला शिकवलं. साहेबांना आयुष्यात पहिल्यांदा मनापासून लाज वाटली.

मोठ्या बाई उठल्या. बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग पार उडाला. मोठ्या बाईंनी एक निळी दांडी आणि एक पिवळा तुकडा हातात घेऊन निरखला.

"हे मुद्दाम असं केलंय?"



"हो," बायको म्हणाली. "बाई सांगतात म्हणून मुलं दहा म्हणतात, की स्वतः लावून बघतात, हे मला पाहायचं होतं."

मोठ्या बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी जमिनीवर पालथ्या पडलेल्या पोरांकडे पाहिलं, आणि चक्क हसल्या.

"इतकी वर्षं तास बघतेय. बाईंचं चुकलं म्हणायची हिंमत एकाही वर्गाने केली नव्हती. सोमवारी ऑफिसात ये. पत्र तयार ठेवते, कायम केल्याचं." त्यांनी तुकडा पुन्हा डोळ्यांजवळ धरला. "पण सगळे ठोकळे इतके एकसारखे चुकवायचे म्हणजे सोपं काम नाही हं. कोणाकडून करून घेतलेस?"

"आमच्याकडे एक जण आहेत," बायको म्हणाली. "त्यांना फारसं सांगावं लागत नाही."

"ते बघा, ते!" खारूताईने बोट दाखवलं.

साहेब उठायला गेले, पण खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली, म्हणून ते परत बसले. मोठ्या बाईंनी त्यांना कौतुकाने मान डोलावली आणि बायकोकडे वळल्या.

"आता पुढच्या धड्याला दहाला दहा बसणारे ठोकळे लागतील. ते मात्र दुसऱ्या कुणाकडून करून घे."

साहेबांना आता सगळं कळलं होतं. करवतीची जाडी किती धरायची, रेघ कुठे मारायची, तुकडा कुठून कापायचा, सगळं. त्यांनी घाईघाईने हात वर केला.

"मी करतो ना, आता मला नेमकं..."

"हात खाली," बायको म्हणाली. कायम झालेल्या बाईंचा आवाज होता तो.

साहेबांनी हात खाली घेतला.