केसरीनाथचा भूतबंगला

वडप्याच्या जत्रेत केसरीनाथने रिकाम्या गोडाऊनचा भूतबंगला केला आणि त्याची थोरली बहीण आक्का दारातच खुर्ची टाकून बसली. गोडाऊन दोघांच्या नावावर होतं. आक्काला ते ट्रान्सपोर्टवाल्याला भाड्याने द्यायचं होतं. केसरीनाथ मात्र मुंबईकडच्या एका मोठ्या पार्कातला भूतबंगला बघून आला होता आणि तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

"आज एक तरी मानूस खराखुरा घाबरला, तर ठेव तुझा भूतबंगला," आक्का म्हणाली. "न्हाय तर उद्या चावी ट्रान्सपोर्टवाल्याला."

केसरीनाथने काही कमी केलं नव्हतं. काळे पडदे, एक मिणमिणता दिवा आणि पांढऱ्या चादरीत गावचा चिंधू. आवाजासाठी तर तो टेपरेकॉर्डर घेऊन भिवंडीच्या एका लूम कारखान्यात, यंत्रमागांचा खडखडाट टेप करायला गेला होता. भातशेतीतला माणूस, चालू लूमसमोर त्याच्या छातीत धडकीच भरली. यापेक्षा भयंकर आवाज जगात नसणार, असं त्याचं ठाम मत झालं.

पण गावची माणसं आत जायची आणि चादरीला विचारायची, "चिंधू, जेवलास का रं?"

चिंधू स्वभावाने भिडस्त. "हा, आताच," म्हणायचा.

दुपारी भिवंडीचे लूम कामगार आले. शुक्रवार, त्यांची सुट्टी. केसरीनाथला हुरूप आला. आत टेप खडखडत होती. ते जांभया देत बाहेर आले.

"अपने कारखाने जैसाच लगता है," एकजण कौतुकाने म्हणाला.

एक तर बाहेर आलाच नाही. रात्रपाळी करून आलेला तो बिचारा, ओळखीचा खडखडाट कानावर पडताच कोपऱ्यातल्या पोत्यांवर आडवा झाला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दिवस मावळला. आक्काने हात पुढे केला. "आण चावी."

तेवढ्यात लाइट गेली. दिवा विझला, टेप थांबली. लूमवरचा माणूस खडखडाटात गाढ झोपतो, पण मशीन थांबलं की ताडकन उठतो. हाही उठला. अंधारात समोर पांढरं कापड दिसलं, ते त्याने गच्च धरलं आणि ओरडला, "मशीन किसने बंद किया?"

चिंधू चादर तिथेच टाकून बोंबलत निघाला तो पार जत्रेतल्या आकाशपाळण्यापाशी थांबला. लूमवाला डोळे चोळत अंधारातच, कुणाच्या नकळत निघून गेला.

"कोन वराडला?" आक्काने विचारलं.

"चिंधू."

"म्हंजे भूतच घाबरलं?"

"मानूसच हाय ना तो, आक्का."

आक्का शब्दाला पक्की होती. तिने हात मागे घेतला.

लाइट आली तोवर जत्राभर बोभाटा झाला होता. भूत पळालं, असं आत आहे तरी काय, म्हणून रांग थेट हायवेपर्यंत गेली. पण चिंधू परत यायला तयार होईना, दुसरंही कोणी चादर घेईना. केसरीनाथने स्वतः घेतली, तर तोच दारातून मागे फिरला.

"सर बाजूला," आक्का म्हणाली. खुर्ची उचलून ती आत गेली आणि अंधारात बसली. चादर तिने घेतली नाही. पहिला माणूस आत आला, तेव्हा तिने फक्त विचारलं, "कोनाचा रं तू?"

त्याची किंकाळी सगळ्या जत्रेने ऐकली. रांग आणखी वाढली. केसरीनाथच्या डोळ्यांत पाणीच आलं.

दुसऱ्या दिवशी ट्रान्सपोर्टवाला चावी मागायला आला आणि थेट गोडाऊनात शिरला.

"कोन हाय रं?" आतून आवाज आला.

तो निसटलेली चप्पल न घेताच गेला.