पायथन दोन-सातच्या उच्चाटनाची हकीकत, मुक्काम मयूर विहार

श्रीगजानन प्रसन्न. पुसणाराने पुसिले की, पायथन नामक यंत्रभाषेची दोन-सात ही जुनी आवृत्ती अवघ्या पृथ्वीवरून उठोन गेली असता अक्षरसेतूच्या मुलुखात पाच वर्षे अधिक कैसी तगली, आणि अखेर कोणाचे हातून तिचे उच्चाटन जाहले, ते कळवावे. तरी जे घडले ते ऐकोन, पाहोन आणि छापील कागद तपासोन लिहिले आहे; पदरचे काही पडले असेल तर थोडकेच.

अक्षरसेतू म्हणजे जुन्या फाँटात टंकलेली मराठी युनिकोडात आणणारी खुली प्रणाली, कोणीही फुकट वापरावी ऐसी. तिच्या कारभारी स्वरूपाबाई हर्डीकर, राहणार राजधानीतील मयूर विहार, दिवसा गुरुग्रामी नोकरी आणि उरल्या वेळी सेतूची बिनपगारी चाकरी. मुतालिक प्रतीकराव, ठाणे करोल बाग. हे सोलापुराहून कलेक्टर व्हावयास आले आणि पूर्वपरीक्षेने दोन वेळ पिटाळिले, मग अभ्यासाचे खोलीत बसोन कोड लिहू लागले आणि त्यातच रमले. दोन-सातच्या पायी दोघांस हरएक काम जुन्या व नव्या आवृत्तीकरिता दोनदा करावे लागे, आणि नवे शिलेदार येत ते हा जाच पाहोन आठवड्यात पसार होत.

परंतु स्वरूपाबाई पडल्या निवृत्त अवर सचिवांची कन्या. त्यांनी प्रारंभीच कायदा केला होता की, जुनी आवृत्ती काढणे तर तीस दिवस हरकती मागवाव्या, आणि एक जरी सकारण हरकत आली तरी एक वर्ष मुदतवाढ द्यावी. प्रस्तावाखाली सही केवळ 'कारभारी' ऐसी असे. ऐसा कायदा दुनियेत दुसऱ्या कोणा प्रणालीस नसेल. आणि दरसाल तिसाव्या दिवशी, सायंकाळी पाचास दहा मिनिटे कमी असता, कोणी 'त्रस्त नागरिक' याचा खलिता दाखल होई की, प्रस्ताव वाचला, सहमत होता येत नाही, एका मंडळाचे धार्मिक कार्य यावर अवलंबून आहे, सबब यथास्थिती ठेवावी व एक वर्षाने फेरसादर करावे. पाच वर्षे पाच खलिते आले. तेव्हा प्रतीकरावांनी निळ्या मेट्रोने मयूर विहारी येऊन निर्वाणीचे सांगितले, "स्वरूपाताई, यार, या वर्षी नाही झालं तर मी चाललो. बिल्कुल सीरियसली."

इकडे घरी रोज जेवताना स्वरूपाबाई म्हणत की, कोणी खवट म्हातारा आमचा जीव खातो आहे. वडील सूर्यकांतराव मान हलवीत आणि म्हणत की, मजही कोणी बेजबाबदार अंमलदार छळतो आहे, बहुधा बंगळुरूचा असावा. मग दोघे परस्परांस धीर देत आणि आमटी वाढून घेत. मातुश्री सुनंदाबाई दोघांस उगे जेवा म्हणत.

सहावे साली श्रावणात तिसावा दिवस उगवला, रविवार होता. दुपारी प्रतीकराव मयूर विहारी येऊन लॅपटॉप उघडोन मोर्चावर बसले आणि स्वरूपाबाई कोरा कागद घेण्यास वडिलांचे खोलीत गेल्या, तो तेथे हिरव्या दोऱ्याने बांधलेली फाइल दृष्टीस पडली. आत पाचही खलिते छापोन, छिद्रे पाडोन, क्रमाने लावलेले. वरी शिक्का, कार्यालय प्रत. सहावा मसुदा टेबलावर तयार.

"बाबा! त्रस्त नागरिक तुम्ही?"

सूर्यकांतरावांनी चष्मा काढिला. "अच्छा, म्हणजे ती अंमलदार तू."

मग चौकशी जाहली. मंडळाच्या बेचाळीस कुटुंबांपैकी गणपतीत कोणी कोणते दिवशी नैवेद्य आणावा, ती यादी सूर्यकांतराव चौदा वर्षे एका प्रोग्रामावर काढीत, तो दोन-सातचा आणि अक्षरसेतूवर चालणारा. प्रतीकरावांनी अर्ज केला की, काका, जुनी प्रत अपडेट न करता तशीच ठेवा, चालत राहील. त्यावर हुकूम जाहला की, पडद्यावर अपडेटचा आदेश आला असता तामील न करणे आमच्या नोकरीत बसत नाही.

गलका ऐकोन सुनंदाबाई भेंडी चिरता चिरता उठोन आल्या. पेशजी त्या एका सरकारी संगणक शाखेत होत्या. त्यांनी पडद्यावरील चाळीस ओळी वाचिल्या आणि कपाळास हात लाविला. "हे मी लिहिलंय? किती घाण लिहिलंय! ही बघ, मोजणी एकाने चुकलीये. शेवटचं नाव दर वर्षी गळत असणार."

यादी आडनावांचे अनुक्रमे, आणि अखेरचे घराणे हर्डीकर.

मग स्वरूपाबाईंनी कपाटातील चौदा याद्या काढोन पाहिल्या. हरएकीत एक्केचाळीस घराणी छापील आणि तळाशी बेचाळिसावे निळ्या शाईने, सूर्यकांतरावांचे वळणदार हाताचे.

"अहो, चौदा वर्षं? मला सांगायचं नाही का?"

"तू लिहिलेलं होतं," सूर्यकांतराव खाली पाहोन म्हणाले. "त्यात चूक काढायला मला जमलं नाही. बदलायला तर नाहीच."

सुनंदाबाईंचे डोळे भरोन आले, ते त्यांनी भेंडीचा हात लागला ऐसे सांगितले. मग त्या खुर्चीवर बसल्या आणि कन्येने नवी भाषा समजावीत जावी, मातेने लिहीत जावे, ऐसे करिता चहाचे वेळेपूर्वी नवा प्रोग्राम सिद्ध जाहला.

पाचास दहा मिनिटे कमी असता सहावा खलिता दाखल जाहला की, हरकत मागे घेण्यात येत आहे, फाइल बंद करावी. प्रतीकरावांनी दोन-सातची अवघी कलमे कापोन काढिली, अकराशे ओळी एका दस्तकाने गेल्या, आणि करोल बागेचे खोलीवर जिलेबी वाटली.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. नवी यादी छापोन निघाली, घराणी बेचाळीस, छापील बेचाळीस. सूर्यकांतराव निळ्या शाईचे पेन उघडोन उभे होते. त्यांनी यादीचा तळ दोन वेळ वाचिला, आणि लिहावयास काही न उरल्यामुळे पेनास टोपण लाविले.