किसनरावांनी मशीन घेतलं

किसनराव पहिल्यांदा आमच्याकडे आले, तेव्हा मी "बसा" म्हणालो आणि त्यांनी खुर्ची उचलून उलटी केली. बुडाचं कापड अंगठ्यानं दाबलं, चारी पाय हलवून पाहिले, फटीला नाक लावलं आणि चिंतातुर चेहऱ्यानं म्हणाले, "मास्तर, आत भुसा हाय. घात व्हायचा." मग ते खाली सतरंजीवर बसले.

थेरगावात मी शाळामास्तर, आणि माझ्या भिंतीला भिंत लागून किसनरावांचं घर. टांग्यांच्या गाद्या आणि लॉऱ्यांच्या सीटा करायचा त्यांचा धंदा. "घात व्हायचा" हे पालुपद. दूध तापत ठेवलं तरी घात, पाहुणा वेळेआधी आला तरी घात. एस.टी.त बसले की आधी ड्रायव्हरच्या सीटची शिवण बघायचे. ती उसवलेली दिसली, तर पुण्यापर्यंत दांडा धरून उभे राहायचे. बाकीचे उतारू बसलेले, हे एकटे उभे, आणि तोंडानं देवाचं नाव.

लोक हसायचे. मीही हसायचो. पण एकदा शाळा तपासायला आलेले साहेब खुर्चीत टेकणार, तोच काही कामानं दारात आलेले किसनराव ओरडले, "थांबा!" साहेब अर्धे बसलेले, अर्धे उभे. किसनरावांनी गादी उचकटली, तर आतून बोटभर लांबीचा खिळा निघाला. शाळेचा शेरा त्या वर्षी फार चांगला आला.

त्या सुमारास पिंपरीकडं कारखान्यांची बांधकामं निघाली होती आणि रस्त्यावर लॉऱ्याच लॉऱ्या. चिंचवडच्या एका लॉऱ्यांच्या बॉड्या बांधणाऱ्या मालकानं किसनरावांना सांगून टाकलं, "हातशिलाई आता चालायची नाही. मशीनची शिवण दाखवा, नाहीतर काम पुण्याला देतो." घरात कपडे शिवायचं साधं मशीन होतं. त्याच्याखाली रेक्झिन सरकवलं की सुई मोडायची. अशात कळलं, की पिंपरीचे हसनभाई, म्हणजे लष्कराचं मोडीत निघालेलं सामान विकणारे व्यापारी, यांच्याकडं तंबू शिवायची तीन जड मशिनं आली आहेत.

"मास्तर, तुमी चला," किसनराव म्हणाले. "दोन डोळे जास्ती असले म्हंजी घात कमी."

रविवारी सकाळी निघालो. मशिनं अजून पाहिलीही नव्हती, तरी वाटेत त्यांनी मला दहादा विचारलं, "घिऊ का नको?" पाचदा मी घ्या म्हणालो, पाचदा नको म्हणालो. दोन्ही वेळेला ते सारखेच घाबरले.

हसनभाईंनी पत्र्याच्या शेडमध्ये तिन्ही मशिनं मांडून ठेवली होती. "आरामात बघा," ते म्हणाले, "पण दुपारच्या गाडीनं पुण्याचा एक तंबूवाला येतोय. तो तिन्ही उचलेल." झालं! किसनरावांच्या कपाळावर घामच आला.

पहिलं मशीन हिरव्यागार रंगानं चकाकत होतं. मला तेच आवडलं. किसनरावांनी खिशातून पैसा काढून त्याच्या मानेवर टक्‌टक्‌ वाजवलं, कान लावला, पुन्हा वाजवलं. आवाज बद्द आला. नखानं रंग खरवडला, तर खाली बिडाच्या लोखंडाला गेलेली चीर.

"या अल्ला," हसनभाई म्हणाले. "मला असंच मिळालं, भाऊ."

दुसरं मशीन दणकट होतं. किसनरावांनी पिशवीतून रेक्झिनचे तुकडे काढले, चार पदर एकावर एक ठेवले, पायडल मारलं. टाके मोत्यासारखे. कापड उलटं करून पाहिलं, खालूनही तसेच. मी सुटकेचा श्वास सोडला. पण किसनराव पुन्हा बसले. आता त्यांनी उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला आणि नुसत्या डाव्या हातानं सगळं करू लागले. कापड वळवायचं म्हणजे आधी सुईजवळचा, कापड दाबून धरणारा दाबपाय उचलावा लागतो. त्याचा खटका मागच्या बाजूला होता. डाव्या हातानं खटका उचलला की कापड सुटायचं, कापड धरलं की खटका राहायचा.

"न्हाई जमत," ते पुटपुटले.

"अहो, उजवा हात बाहेर काढा की!"

त्यांनी ऐकलं नाही.

तिसरं मशीन गंजलेलं, कुरूप. पण त्याचा दाबपाय गुडघ्यानं रेटायच्या कांडीवर उचलला जात होता. किसनरावांचे डोळे चमकले. चार पदर घातले, पायडल मारलं, आणि दर तीन टाक्यांना एक टाका सुटू लागला. सुई बदलली, तरी तेच. बाहेर टांगा थांबला. तंबूवाला आला होता.

"मियाँ," हसनभाई हळूच म्हणाले, "मशीन घेताय का पंचनामा करताय?"

मी किसनरावांना बाजूला ओढलं. "ते दुसरं घ्या आणि चला. काय अडलंय तुमचं त्या उजव्या हातावर?"

ते खाली बघून बोलले.

"मास्तर, लोक म्हणत्यात किसन गादीवाला. मी स्प्रिंगा बांधतो, काथ्या भरतो. शिवण समदी घरातलीची. बारा वर्सं दाभणानं शिवतीया. औंदा उजव्या हाताची बोटं मिटंनाशी झाली. दाभण धरवत न्हाई. म्हणती, दुसरा कारागीर ठिवा, मला आता कोपऱ्यात बसवा. जेवत न्हाई धड. कारागीर ठिवला ना, की माझी पारू संपली."

बायकोचं नाव त्यांच्या तोंडून मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

तंबूवाला आत येऊन दुसऱ्या मशीनवर हात फिरवत होता. किसनराव तिसऱ्यापुढं उकिडवे बसले. सुई काढली, उजेडात धरली, तिची खाच निरखली आणि उलट्या तोंडानं बसवली. पायडल मारलं. टाका, टाका, टाका. एकही सुटला नाही.

"ह्येच," ते म्हणाले. आयुष्यात त्यांनी घाताचा उल्लेख न करता घेतलेला बहुधा हा एकच निर्णय.

बैलगाडीतून मशीन घरी आलं. पारूवहिनी बराच वेळ लांबूनच बघत होत्या. मग बसल्या. डाव्या हातानं रेक्झिन धरलं, उजव्याचा तळवा नुसता वर ठेवला, गुडघ्यानं कांडी रेटली. किसनराव डोक्याशी उभे राहून सूचना करत होते, "हळू... सुई बघ... बोट सांभाळ..."

"तुमी जरा भायेर जावा बघू," वहिनी म्हणाल्या.

ते बाहेर आले. मी ओट्यावर होतो. आत मशीन चालायचं, थांबायचं. थांबलं की किसनरावांचा चेहरा पडायचा, ओठ हलायचे. पुन्हा चालू झालं की ते श्वास सोडायचे. मग ते चालू झालं ते थांबेचना. लांबलचक, सलग शिवण.

मी काहीतरी बोलणार होतो. पण किसनरावांनी हात वर करून मला गप्प केलं, आणि मातीच्या भिंतीवर तळहात टेकून, डोळे मिटून तसेच उभे राहिले. मीही माझा हात भिंतीला लावला. मशीनची थरथर बाहेरपर्यंत येत होती.