शेजारच्या मुलाची शिफारस

ओहायोतल्या बेकर्स फोर्डच्या सरकारी हायस्कूलला गणिताचे शिक्षक पुरेसे नव्हते, ही गोष्ट पहिली दोन वर्षं कुणाच्या लक्षात आली नाही. कारण रिकामे तास फुटबॉलचे कोच घेत. कोच गुणाकारापर्यंत भक्कम होते. त्यापुढे ते पडद्यावर व्हिडिओ लावत आणि दिवे मालवत. तिसऱ्या वर्षी रसायनाचा एक, इंग्रजीचे दोन आणि इतिहासाचे सगळे शिक्षक सोडून गेले, तेव्हा शाळा मंडळाने प्रकरणाची गंभीर दखल घेतली आणि एक अकॅडमी काढली.

अकॅडम्यांचं शाळेला वावडं नव्हतं. आरोग्य, अभियांत्रिकी आणि व्यापार अशा तीन आधीच चालू होत्या. चौदाव्या वर्षी मुलाने आपला पेशा निवडायचा, त्या रंगाचा टी-शर्ट घालायचा आणि चार वर्षं त्याच रंगाच्या मुलांबरोबर शिकायचं, अशी ती व्यवस्था. चौथीचं नाव ठरलं ‘उद्याचे शिक्षक’. बाजारात शिक्षक मिळत नसतील तर ते टोमॅटोसारखे घरच्या परसात लावावेत, असं मंडळाच्या अध्यक्षांनी ठरावात म्हटलं. टी-शर्ट पिवळा.

अकॅडमी चालवायला लोरेटा हॅगर्टींची नेमणूक झाली. त्या शाळेतल्या सर्वांत चांगल्या गणिताच्या शिक्षिका होत्या आणि आता शेवटच्याही. अर्थात इतक्या मोठ्या जबाबदारीसाठी त्यांना वर्गातून मोकळं करणं भाग होतं. त्यामुळे गणिताला आता कुणीच उरलं नाही. पण तो प्रश्न अकॅडमी सोडवणारच होती, सात-आठ वर्षांत.

हॅगर्टीबाईंना खोली मिळाली. खिडकी होती, मागे रेलणारी खुर्ची होती. अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना कॉफी गरम असताना पिता येऊ लागली. एकच अट होती. ऑक्टोबरअखेर पंचवीस मुलं भरली नाहीत तर अकॅडमी बंद, आणि हॅगर्टीबाई परत वर्गात. शिक्षकी पेशाचा प्रचार करणाऱ्या बाईंना झोपेतून दचकून जागं करायला एवढं वाक्य पुरेसं होतं.

पहिल्या महिन्यात चार मुलं आली. नियमाप्रमाणे त्यांना एक दिवस खऱ्या शिक्षकाच्या मागे सावलीसारखं फिरायला पाठवलं. शिक्षक होते रसायनाचे डेल्बर्ट ओस्ट्रम. मुलांनी त्यांना शाळेच्या व्हरांड्यात पहारा देत उभ्याने सँडविच खाताना पाहिलं. प्रयोगशाळेतली हातपुसणी ते स्वतःच्या पैशाने आणतात, हे पाहिलं. शनिवारी हार्डवेअरच्या दुकानात ते जोडकाम म्हणून गिऱ्हाइकांना रंगाचे डबे हलवून देताना भेटले. सोमवारी तीन मुलं आरोग्य अकॅडमीत गेली. चौथं वेल्डिंग शिकायला शेजारच्या तालुक्यात गेलं.

“डेल्बर्ट, तू त्या पोरांना काय सांगितलंस?” हॅगर्टीबाईंनी विचारलं.

“काही नाही. त्यांनी पगार विचारला.”

“आणि तू सांगितलास?”

“मी शिक्षक आहे, लोरेटा. कुणी विचारलं की उत्तर देतो. खोड आहे.”

त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं: उद्याच्या शिक्षकांनी आजच्या शिक्षकांशी विनाकारण संपर्क ठेवू नये. सावलीचा कार्यक्रम मात्र चालू राहिला. नवी अकरा मुलं जिल्हा कार्यालयातल्या अधिकाऱ्यांच्या मागे फिरून आली. तिथे डोनट होते. मुलं फार खूश होऊन परतली आणि एकजात अधिकारी व्हायचं म्हणत व्यापार अकॅडमीत गेली. अहवालात याची नोंद ‘महत्त्वाकांक्षेत लक्षणीय वाढ’ अशी झाली.

मग पालकांची सभा झाली. हॅगर्टीबाई सुंदर बोलल्या. डॉक्टर कोण घडवतो, वैमानिक कोण घडवतो, असं विचारत त्या अंतराळवीरांपर्यंत पोहोचल्या. पालक उभे राहून टाळ्या वाजवत होते. एका आजोबांनी डोळे पुसले. दाराशी ठेवलेल्या नावनोंदणीच्या कागदावर मात्र कुणीतरी कॉफीचा कप ठेवला होता, तेवढाच गोल उमटला.

पण सभा संपल्यावर एक गंमत झाली. पालक एकेकटे जवळ येऊन हळूच बोलू लागले.

“आमचं जाऊ द्या हो. पण आमच्या समोर तो सटनचा मुलगा राहतो ना, त्याला का घेत नाही? पोरांत छान रमतो.”

हे सांगणारे गृहस्थ गेल्यावर खुद्द सटन आले. “बाई, आमच्या मागच्या घरात एक मुलगी आहे. इतकी सोशिक! अगदी शिक्षिकेचा स्वभाव.”

हॅगर्टीबाई त्या रात्री गाडी चालवत घरी गेल्या त्या हसत. गावात उद्याच्या शिक्षकांचा तुटवडा नव्हता. ते सगळे शेजारी राहत होते, एवढंच.

घरी मुलगी एडी जेवायला थांबली होती. चौदा वर्षांची, अजून कुठल्याच रंगात न गेलेली. मॅकरोनी वाढून घेत ती म्हणाली, “आई, मी तुझ्या अकॅडमीत येऊ?”

हॅगर्टीबाईंचा काटा ताटातच राहिला. “तुला अभियांत्रिकीत जायचंय ना?”

“ते तुला जायचंय.”

“अगं, गणितात किती छान मार्क आहेत तुझे.”

“म्हणून तर. गणिताला शिक्षक नाहीये.”

“आहेत की कोच.”

“आई, कोच ऋण संख्यांना पेनल्टी म्हणतात. गेले तीन आठवडे मीच शिकवतेय वर्गाला. कोच मागच्या बाकावर बसून उतरवून घेतात. त्यांना आता वर्गसमीकरणं येतात. काल एक सुटलं तर शिट्टी वाजवली त्यांनी.”

“हे बघ, शिकवायला आवडणं वेगळं आणि शिक्षक होणं वेगळं.”

“हे तुझ्या भाषणात नव्हतं.”

“भाषण सगळ्यांसाठी असतं, बाळा. तू माझी मुलगी आहेस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हॅगर्टीबाईंनी मुख्याध्यापक बाल्डर यांच्यापुढे योजना मांडली. प्रत्येक घरी एक कार्ड पाठवायचं. त्यावर पालकांनी शेजारच्या एका मुलाची शिफारस करायची. शिफारस आली की तो मुलगा अकॅडमीत आपोआप दाखल.

“आणि त्याच्या आईबापांना नको असेल तर?” बाल्डरसाहेबांनी विचारलं.

“त्यांनी लेखी कारण द्यावं. शिक्षकी पेशा आपल्या मुलाला का योग्य नाही, ते. मंडळाच्या खुल्या सभेत नावानिशी वाचून दाखवू.”

“असलं कारण चारचौघांत कोण वाचू देईल?”

“कुणीच नाही, सर.”

बाल्डरसाहेबांनी खुर्ची मागे रेलवली. “लोरेटा, तू वर्गात उगाच वाया गेलीस.”

बेकर्स फोर्डमध्ये लोकांकडून बर्फ काढायच्या वर्गणीचं उत्तर यायला हिवाळा संपतो. ही कार्डं दोन दिवसांत परत आली. काहींनी जादा कार्डं मागवली. शिफारशींची भाषा अशी हृद्य होती की बाल्डरसाहेबांनी त्या दोनदा वाचल्या. आपल्या गावात शेजारधर्म इतका जिवंत असेल, असं त्यांना वाटलं नव्हतं. शाळेतलं जवळजवळ प्रत्येक मूल जन्मजात शिक्षक निघालं.

एडीसुद्धा. तिची शिफारस कुंपणापलीकडच्या डार्लीन प्रॉक्टर यांनी केली होती. ‘आमच्या धाकट्याला अपूर्णांक हिनेच शिकवले. आम्हाला कुणालाच जमलं नव्हतं. हिला दुसरं काही करू देणं हे पाप ठरेल.’

संध्याकाळी डार्लीन अंगणातली पानं गोळा करत होत्या. हॅगर्टीबाई कुंपणाशी गेल्या.

“डार्लीन, तू एडीचं नाव दिलंस?”

“तू आमच्या क्लिंटचं दिलंस ना?”

“अगं, क्लिंटला शोभतं ते. मोठा आवाज आहे त्याचा.”

“लोरेटा, क्लिंट हुशार आहे.”

“एडीसुद्धा हुशारच आहे.”

डार्लीननी पानांचा ढीग उगीचच या बाजूचा त्या बाजूला केला. मग त्या म्हणाल्या, “तू कारण काय लिहिणार आहेस? चांगलं सुचलं तर मला पण सांग.”

सभा शाळेच्या जेवणघरात भरली. असलं कारण कुणीच वाचू देणार नाही, हा बाल्डरसाहेबांचा अंदाज साफ चुकला. बसायला जागा नव्हती. चारचौघांत जे बोलायची लाज वाटते, ते चारशे जणांत बोलायला काहीच वाटत नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. हजेरी सक्तीची असल्याने शाळेतले सगळे शिक्षक मागच्या रांगेत बसले होते. ओस्ट्रम मांडीवर गठ्ठा घेऊन पेपर तपासत होते.

अध्यक्ष वाचू लागले.

“‘आमचा मुलगा अत्यंत बुद्धिमान आहे.’ मंजूर. ‘आमच्या मुलीला पुढे स्वतःचं घर घ्यायचं आहे.’ मंजूर. ‘मुलाला लोकांनी मान द्यावा, अशी आमची इच्छा आहे.’ मंजूर. ‘शिक्षकांबद्दल आम्हाला नितांत आदर आहे, आणि तो लांबूनच बरा राहतो.’ मंजूर. ‘क्लिंट हुशार आहे.’ मंजूर.”

मागच्या रांगेत कुणी हललं नाही. ज्यांच्या हुशारीचे दाखले वाचले जात होते, त्यांना अक्षरं गिरवायला कुणी लावलं होतं, हे त्या रांगेला ठाऊक होतं. ती सभ्य माणसं होती. खोकलीसुद्धा नाहीत.

हॅगर्टीबाईंनी आपलं कारण रात्रभर लिहून खोडलं होतं. त्यांच्या शेजारी एडी बसली होती. आई लिहिणार नाही, अशी तिची खात्री होती; कारण नियम आईनेच केला होता.

“‘एडी हॅगर्टी,’” अध्यक्षांनी वाचलं. “‘तिला शिकवायला मनापासून आवडतं. ही आवड आयुष्यभर टिकावी, म्हणून तिला शिक्षक होऊ देऊ नये.’ मंजूर.”

मागे ओस्ट्रमनी पेनाला टोपण लावलं आणि वर पाहिलं. त्या संध्याकाळी ऐकलेल्यात त्यांना पटलेलं ते एकमेव कारण असावं.

घरी येताना रेल्वेचं फाटक लागलेलं होतं, गाडी थांबली. एडीने विचारलं, “आता मी अभियांत्रिकीत गेले की माझा वर्ग बदलेल. मग त्या मुलांना कोण शिकवणार?”

“अकॅडमी बघेल काहीतरी.”

“आई, अकॅडमी म्हणजे तूच ना?”

फाटक उघडलं. हॅगर्टीबाईंनी गाडी पुढे काढली.

कारण न आलेली सव्वीस मुलं उरली. कुणाची आई कोंबड्यांच्या कारखान्यात रात्रपाळीला होती, कुणाचा बाप ट्रक घेऊन टेक्ससला गेला होता, कुणाच्या घरी इंग्रजी कार्ड वाचणारं कोणी नव्हतं. आपलं मूल हुशार असल्याचं सांगायला त्यांच्यापैकी कुणाला सवड झाली नाही, त्यामुळे ती मुलं हुशार नाहीत असं मंडळाच्या दप्तरी आपोआप ठरलं. त्यांना पिवळे टी-शर्ट मिळाले. पंचवीसची अट एकने ओलांडली. राज्याने अकॅडमीला ‘स्वयंस्फूर्त प्रतिसादा’बद्दल ढाल दिली आणि हॅगर्टीबाईंची खुर्ची कायम झाली. ज्या पालकांना सूट मिळाली त्यांनी लगेच एक समिती स्थापन केली आहे: पुढे आपल्या नातवंडांना शिकवायला ही असलीच माणसं येणार का, याचा जाब विचारण्यासाठी.

वाचकांपैकी अनेकांना एव्हाना हॅगर्टीबाईंचा राग आला असेल. येऊ द्यावा. फक्त रागावता रागावता आपल्या मुलापुरतं एक कारण तयार ठेवावं. ते चांगलंच सुचेल, काळजी नसावी. तुम्हाला लिहायला शिकवणारे शिक्षक फार चांगले होते.