सोमाजी मिस्त्रींचं तेल

सोमाजी मिस्त्री सागवानाची फळी पसंत करण्याआधी तिला जीभ लावून बघत. "लाकूड किती तेल मांगते, ते जिभेलेच समजते," म्हणत. वार्निशचा त्यांना भयंकर राग. "वार्निश लावलं का लाकूड गुदमरून मरते. तेल पाजा. पेईल तेवडं पाजा, बाकी पुसा."

पन्नास सालानंतरची गोष्ट. मी धानोऱ्याला जंगल खात्यात कारकून होतो आणि मिस्त्री माझे शेजारी. विश्रामगृहाच्या स्वयंपाकघरात त्यांनी सागवानी ओटा बसवला आणि जवसाच्या तेलाचे तीन हात दिले. महिना झाला तरी ओटा सुकेना. खानसाम्याच्या पोळ्या चिकटू लागल्या, मुंग्यांनी तर मुक्कामच ठोकला. थंडी पडली आणि ओट्यावर तेल तुपासारखं थिजलं!

मी बोट लावून हुंगलं. "मिस्त्री, हे मोहाचं तेल आहे. हे जन्मात सुकायचं नाही."

"मग? मीच टाकलं. जानून टाकलं!"

रेंजरसाहेब खवळले. ओटा उखडा, फरशी बसवा आणि या माणसाला पुन्हा सरकारी काम नाही. मी कानात म्हटलं, चूक झाली म्हणून मोकळे व्हा. मिस्त्री चक्क ओट्यावर चढून बसले. "नाई म्हनत! आठ रोज द्या. नाई सुकला त मलेच उखडा."

साहेबांना हसू आलं असावं. आठ दिवस मिळाले. मिस्त्रींनी गरम राख पसरून तेल शोषून घेतलं, टर्पेंटाइनने घासलं, वरचा पापुद्रा तासला. मग बाजारातून आणलेल्या जवसाचा पातळ हात, लगेच कोरड्या फडक्याने पुसणं, दोन दिवस थांबून पुन्हा तेच. नवव्या दिवशी साहेबांनी तळवा फिरवला आणि न बोलता निघून गेले. ओटा राहिला, मिस्त्रीही राहिले.

मला मात्र त्यांच्या अकडीची चीड आली होती. चार शब्द सुनवावेत म्हणून घरी गेलो, तर त्यांनी कुंपणाशीच माझं मनगट धरलं.

"आत ओट्याचं काई बोलले त याद राखा, बाबू! तीस सालापासून माह्यं तेल तेच काढून देते. आता दिसत नाई तिले. डबे सारखेच, अदलाबदल झाली. तिच्या हातचं तेल मी कधी तपासून पाह्यलं नाई. एवडं काम हिसकलं त तिनं काय करावं दिवसभर?"

मी खाली मान घातली. माझीच मला लाज वाटली.

अंगणात पार्वताबाई चाचपडत बाटलीत तेल ओतत होत्या. चाहूल लागताच त्यांनी विचारलं, "बाबू, ओटा सुकला का?"

"खडखडीत, बाई. साहेब खूश झाले."

"होईनच! तेल कोनाचं हाय?" त्यांनी हसत बाटली पुढे केली. वास माझ्यापर्यंत आला. मोहाचं होतं.

मिस्त्रींनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि हत्यारांच्या पिशवीत नीट उभी ठेवली.