डोमाभाऊ शाळा पाहायला निघाले

डोमाभाऊ शाळा मागच्या बाजूनं पाहतात. हेडमास्तर समोर फाटकात वाट पाहत असतात आणि हा माणूस खांद्यावर पांढरा दुपट्टा टाकून मागच्या कुंपणातून येतो. "समोरून तं सारेच चांगले दिसतेत गा," त्यांचं म्हणणं. "सोयरीक कराची तं घर मांगून पाहाव."

एटापल्लीकडच्या आमच्या गावातली शाळा चौथीपर्यंतच. डोमाभाऊंची करिश्मा यंदा चौथी पास झाली. तिची माय वारल्यापासून घरात बापलेक दोघंच. आता पोरीला वसतिगृहाच्या शाळेत टाकायचं, नाहीतर ती गुरांमागं जाणार. आमच्या टोल्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा, पहिला बी.ए. मी. हे मी कोणालाही सांगतो, फुकट मिळालेलं नाही. मोटरसायकलही माझीच. म्हणून शाळा पाहायला मी सोबत. ते मला नावानं हाक मारत नाहीत. "ए बीए" म्हणतात.

पहिल्या शाळेत संडासला कुलूप होतं आणि किल्लीवाला बाबू रजेवर. डोमाभाऊ म्हणाले, "बराबर नाई." मीही मान डोलावली.

दुसऱ्या शाळेत त्यांनी हेडमास्तरांना मूळ गाव विचारलं, धानाची शेती किती ते विचारलं आणि शेवटी, "दारू घेत-बित तं नाई ना?" हेडमास्तर बिचारे उभ्यानं उत्तरं देत गेले. दुपट्टा पाहून वरून कोणी पुढारी आला असं त्यांना वाटलं असावं. सगळं जमलं. बाहेर येऊन डोमाभाऊ म्हणाले, "घंटी मयतीवानी वाजते."

तिसऱ्या शाळेत वसतिगृहातल्या खाटेची लांबी पाहतो म्हणून आडवे झाले ते घोरायलाच लागले. दारात पोरी जमल्या. तिथले अधीक्षक हळूच मला म्हणाले, "ॲडमिशन यांचीच आहे का?" उठल्यावर खाटेत काही खोट निघाली नाही, ती कुत्र्यात निघाली. "आपल्याले पाहून भुकला नाई. चोराले पाहूनही नाई भुकणार."

करिश्माला मात्र प्रत्येक शाळा आवडायची. ती पोरींमध्ये जाऊन खेळायलाही लागायची, आणि हे तिला हाताला धरून गाडीवर बसवायचे.

शेवटी मी तापलो. "भाऊ, प्रवेश बंद होऊन राह्यले. पोरीले घरी बसवता का?"

"पाहून राह्यलो ना गा. तुह्या बापानं तुले टाकतानी काय पाह्यलं होतं?"

"काही नाई. रस्त्यावर पहिली लागली तिथं टाकलं."

"म्हणून तं तू असा झाला."

चौथ्या शाळेतही ते मागूनच शिरले. कुत्र्यानं दुपट्टाच धरला. ते फाटका दुपट्टा घेऊन खुशीत बाहेर आले. संडास उघडा होता, पाणी गोड होतं, स्वयंपाकाच्या बाईंनी न मागता भात-वरण वाढलं. डोमाभाऊ जेवले आणि पुन्हा एकदा मागं जाऊन आले. तरी काही सापडलं नाही. हात धुताना मी त्यांचा चेहरा पाहिला. उतरलेला होता.

वसतिगृहाच्या बाईंनी करिश्माला जवळ घेतलं. "वेणी कोन घालून देते तुले?"

"बाबा."

"आता मी घालून देईन हं."

 डोमाभाऊंनी खिशातून कंगवा काढला आणि ते तिथंच ओसरीवर पोरीला पुढं घेऊन बसले. "पाहा बाई, डाव्या बाजूनं गुंता होते. जोरानं ओढलं तं रडत नाई थे, पन डोळे भरतेत. खालून सोडवत याव लागते." त्यांनी वेणी घालून दाखवली. भांग असा सरळ की मी पाहतच राहिलो. मग सोडली आणि कंगवा बाईंच्या हातात दिला. बाईंनी घातली. ती त्यांनी पुन्हा सोडायला लावली, पुन्हा घालायला लावली. बाई घालत गेल्या.

"लिवा नाव," डोमाभाऊ म्हणाले.

करिश्मा झोक्याकडे पळाली ती वळलीसुद्धा नाही.

परतताना सागवानाच्या रस्त्याला लागलो. मला वाटलं डोमाभाऊ झोपले. मग मागून आवाज आला, "ए बीए, हळू चालव ना गा. घरी जाऊन कराले आता काही नाई."